काका, तुमच्या शेतात येऊ का?

पहिल्या पावसात कल्याण-डोंबिवलीच्या मागच्या शेतांमध्ये रात्री टॉर्च पेटतात. खेकड्यांची ही शिकार सॉलिड थ्रिलिंग आहे. फक्त उतरण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो. आम्ही तो विचारला नाही, तेव्हाची ही गोष्ट!

जूनचा तिसरा आठवडा. रात्रीचे साडेदहा. कल्याण-मलंग रोडवर नेवाळी नाका मागे टाकून आम्ही एका गावाच्या पलीकडे बाइक्स लावल्या. आम्ही चौघं. दोघं आयटीवाले, एक बँकवाला आणि मी. चौघंही पक्के डोंबिवलीकर. म्हणजे चिखलाशी आमचा संबंध स्टेशनबाहेरच्या खड्ड्यांपुरता! बँकवाल्याच्या ऑफिसमधल्या कुणीतरी मोबाइलवर बादलीभर खेकड्यांचा व्हिडिओ दाखवला होता आणि प्लॅन ठरला होता. हेडटॉर्च ऑनलाइन मागवले, बादली आईच्या बाथरूममधून उचलली. झाली तयारी.

पावसाची रिपरिप चालू होती. समोर अंधारात मलंगगडाची आकृती. पहिल्या १५ मिनिटांत ४ खेकडे मिळाले. काय सांगू, जाम मजा येत होती. टॉर्चचा झोत पडला की खेकडा क्षणभर थबकतो, मग दोन्ही नांग्या वर करून तुम्हालाच दम देतो. एक बांधातल्या बिळात पळाला, तर आमच्या आयटीवाल्याने काठीने बीळ उकरायला घेतलं. तेवढ्यात आवाज आला.

"कोन रं तिकरं?"

डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेतलेले एक काका बांधावरून चालत आले. साठीच्या पुढचे. हातात काठी आणि टॉर्च. "कुठशी आलाव? कोनाला इचारून उतरलाव?"

मी माझं पत्रकारितेचं शिक्षण पणाला लावलं. "काका, आम्ही काही नुकसान करत नाही. फक्त खेकडे..."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी टॉर्च माझ्या पायांवर मारला. माझ्या गमबुटांखाली दोन बोटं उंचीची हिरवीगार रोपं चिखलात बसली होती. मला ते गवत वाटलं होतं.

"यो माझा वर्साचा भात हाय," काका म्हणाले.

शिकार म्हणजे काय रे भाऊ?

ही खेकड्यांची भानगड ठाणे-रायगडच्या गावांना नवी नाही. उन्हाळाभर खेकडे बांधाच्या बिळात दडून असतात. पाऊस लागला, बिळात पाणी शिरलं की रात्री बाहेर पडतात. शेतातल्या या काळपट, छोट्या खेकड्यांना इथल्या आगरी घरांमध्ये मुठे म्हणतात. त्याच दिवसांत मासेही नदी-नाल्यांतून उलट्या धारेने भातखाचरात चढतात, अंडी घालायला. हीच वलगण. वलगणीचा मासा म्हटलं की आजही अख्खं घर टोपल्या आणि जाळी घेऊन धावतं. आधी पेट्रोमॅक्सची बत्ती असायची, आता एलईडी आली. बाकी खेळ तोच.

शिकार हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. पूर्वी आपल्याकडे शिकारीचं चक्क लायसन्स मिळायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावरही काही वर्षं लायसन्सची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. आता ससा, तितर, घोरपड, साळिंदर यांना हात लावला तर सरळ गुन्हा. घोरपड तर पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७.

आणि इथे गंमत बघा. जमीन तुमची असली तरी त्यावरचा ससा तुमचा नाही. शेतकऱ्याने कितीही प्रेमाने "या हो, मारा" म्हटलं तरी त्या परवानगीला कायद्यात काडीची किंमत नाही. रानडुक्कर उभं पीक झोपवत असेल तरी शेतकऱ्याला वनखात्याकडे अर्ज करावा लागतो, लेखी आदेश घ्यावा लागतो. आणि त्या आदेशाने मारलेलं जनावरही सरकारच्या मालकीचं.

शेतातला खेकडा मात्र वन्यजीव कायद्याच्या याद्यांमध्ये नाही. त्यामुळे तिथे वनखातं येत नाही. तिथे फक्त काका येतात.

बांध, तार आणि विहीर

आम्ही खिशातून ५०० ची नोट काढली. काकांनी ती बघितलीसुद्धा नाही. "चला," म्हणाले आणि आम्हाला पुढे घालून शेत दाखवायला निघाले. ओरडा खायची तयारी होती, मिळाली गाइडेड टूर.

पहिला स्टॉप, आयटीवाल्याने उकरलेलं बीळ. खेकडा आधीच बांध पोकळ करून ठेवतो. वरून आपण काठी घातली की भोक आरपार जातं आणि खाचरातलं पाणी रात्रीतून खालच्या शेतात उतरतं. भाताला पाणी उभं लागतं. सकाळी एकाचं शेत कोरडं आणि दुसऱ्याची रोपं बुडालेली. बांधावरून भावाभावांत लागलेल्या केसेस आपण ऐकतो ना, त्यांची सुरुवात कधी कधी इतक्या छोट्या भोकातून होते. काकांनी मूठभर चिखल घेऊन ते बुजवलं, वरून पाय दाबला.

दुसरा स्टॉप, शेताची कड. टॉर्च पलीकडे मारून म्हणाले, त्या बाजूला जायचं नाही. तिथे डुकरांसाठी रात्री तारेत करंट सोडतात. हे बेकायदा आहे हे सोडणाऱ्यालाही माहीत असतं. अशा तारेला चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या राज्यात दर पावसाळ्यात येतात. त्यात मासे-खेकडे पकडायला गेलेलेही असतात. ओली जमीन, ओले पाय, अंधार. ती तार आमच्यापासून जेमतेम ५० पावलांवर होती आणि आम्ही त्याच दिशेने सरकत होतो. बँकवाल्याच्या हातातली बादली थरथरत होती, हे मी स्वतः पाहिलं.

तिसरा स्टॉप, कठडा नसलेली विहीर. पाणी काठोकाठ. टॉर्चच्या उजेडात ती अगदी शेताच्या तुकड्यासारखी दिसत होती.

परवानगी म्हणजे फॉर्मॅलिटी, असा माझा आजवरचा समज होता. "सर, मे आय कम इन" टाइप. पण तार कुठे आहे, विहीर कुठे आहे, रोपं कुठे आहेत, हे गूगल मॅप सांगत नाही. सांगणारा एकच माणूस असतो आणि आम्ही त्यालाच बायपास करून आलो होतो.

शेवटी काकांनी आमची बादली तपासली. एक खेकडा उलटा केला. पोटाखालच्या झडपेत तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं वळवळत होती. "ही सोर." आम्ही सोडली. उरलेले तीन आमचे. दंड? "पैसं नको. जुलैत लावनीला या. चार जन हाव. एक रविवार द्या."

विचारायचं कुणाला?

पुढे मी हा प्रश्न जरा सीरियसली घेतला. जमीन कुणाची हे शोधणं आता सोपं आहे. सातबारा महाभूलेखवर ऑनलाइन दिसतो. पण कल्याण तालुक्यात सातबारावरचा मालक आणि चिखलात उभा असलेला माणूस एकच असेल याची गॅरंटी नाही. मालक मुंबईत असतो, कुणी शेत खंडाने कसत असतं, कुणी पिढ्यान्पिढ्या. काकांच्या वडिलांना हे शेत कूळकायद्याने मिळालं. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या तारखेला कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. काकांना ही तारीख स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ आहे.

काकांच्या गावाकडे जाताना जो नेवाळी नाका लागतो, तिथली गोष्ट याहून कडू आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानांच्या धावपट्टीसाठी या भागातल्या गावांची जमीन घेतली. युद्ध संपलं, विमानं गेली. शेतकरी जमीन कसत राहिले, पण कागदावर ती संरक्षण खात्याकडेच राहिली. २०१७ मध्ये नौदलाने तिथे कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जूनला आंदोलन पेटलं. गाड्या जळल्या, पोलीस आणि शेतकरी दोन्हीकडचे जखमी झाले. तारीख बघा. ऐन पेरणीचे दिवस. आपल्याच आजोबांच्या शेतात उतरायला परवानगी मागायची वेळ येते तेव्हा काय होतं, ते तेव्हा दिसलं.

आणि कातकऱ्यांचं काय? खेकडा, मासा आणि शेतातला उंदीर पकडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. उंदीर कमी झाले तर शेतकऱ्याचाही फायदा, म्हणून त्यांना सहसा कुणी अडवत नाही. राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. पण ठाणे-रायगडमधल्या त्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर उभ्या आहेत. जमीन विकली गेली की वाडी हलते. आमच्यासाठी परवानगी हा वीकेण्डचा प्रश्न होता. त्यांना राहत्या घरासाठी तोच प्रश्न आहे.

बाहेरच्या देशांत याचे वेगळेच फंडे आहेत. इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क मुळात जमिनीला चिकटलेला, तो वेगळा भाड्यानेही देतात. अमेरिकेत जंगली जनावर जनतेचं, पण ते गाठायला ज्याच्या कुंपणातून जायचं त्याची परवानगी हवी. टेक्सस, मिसुरीसारख्या राज्यांत झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा पट्टा मारला की त्याचा अर्थ, आत येऊ नका. आपल्याकडे पट्टा नसतो. "कोन रं तिकरं" असतं!

एक रविवार

जुलैतल्या एका रविवारी आम्ही खरंच गेलो. सकाळी सात ते अकरा लावणी केली. वाकून वाकून कंबरेचा जो काही पिझ्झा झाला, तो जिममधल्या कुठल्याच ट्रेनरला जमला नसता. आमची ओळ नागमोडी, शेजारी काकूंची ओळ पट्टीने मारल्यासारखी. काकूंनी आम्ही लावलेली अर्धी रोपं न बोलता उपटून पुन्हा लावली. दुपारी त्यांच्या ओटीवर तांदळाची भाकरी आणि मुठ्यांचं कालवण. त्या चवीबद्दल लिहायला दुसरा लेख लागेल.

जेवताना काकांचा मुलगा भेटला. डोंबिवली एमआयडीसीत नोकरी करतो. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हणाला. शीळ रोडला निळज्याजवळ आज पलावाचे टॉवर्स आहेत, तिथेही एकेकाळी भातच होता, हे त्याला आठवतं. मी काकांकडे बघितलं. ते ताटातला खेकडा फोडत होते. "मी हाय तवर शेत हाय," एवढंच म्हणाले. मुलगा काही बोलला नाही.

परतताना मनात आलं, टॉवर झाला तर तिथे जायला काय लागेल? गेटवर नाव, फ्लॅट नंबर, मोबाइलवर ओटीपी. परवानगी तेव्हाही लागेलच. पण देणारा वॉचमन असेल आणि त्याला विहीर कुठे होती ते माहीत नसेल.

यंदा जूनच्या सुरुवातीला एका रात्री पाऊस कोसळला. मी डेडलाइनच्या नावाने बोंबलत लॅपटॉपसमोर बसले होते. साडेनऊला फोन वाजला.

"काका बोलतंय. पाऊस लागला. येताव का?"

डेडलाइन गेली खड्ड्यात. मी बादली शोधायला उठले.

जाताय? मग हे वाचा

* विचारा, तेही उजेडात. संध्याकाळी गावात जा, चहाच्या टपरीवर किंवा पोलीस पाटलांकडे चौकशी करा. शेत कसणाऱ्याला भेटून किती जण, किती वाजता, कुठल्या बाजूने ते सांगा. जमल्यास त्याच्या घरातलं कुणी सोबत घ्या. नाही म्हणाला तर विषय संपला.
* रोपांपासून लांब. जूनमध्ये हिरवं दिसलं की ते भाताचं रोप समजा. बांधावरूनच चाला, बीळ उकरू नका.
* तार दिसली की मागे फिरा. करंट आहे की नाही हे तपासायला जाऊ नका.
* पायांत गमबूट हवेतच. घोणस आणि मण्यारही याच दिवसांत, याच बांधावर असतात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोचा धोका असतो. नंतर ताप आला तर डॉक्टरांना शेतात गेल्याचं आवर्जून सांगा.
* पिल्लंवाली मादी सोडा. वलगणीत पाण्याची अख्खी वाट जाळ्याने अडवू नका. ते मासे अंडी घालायला चढलेले असतात.
* विजा चमकत असतील तर घरी बसा. खेकडे उद्याही असतात.
* लावणीला जा. एक रविवार पुरतो.