शेवटी पोहोचणारी मुलं

पनवेलच्या वडाळे तलावाकाठी सकाळी फिरायला गेलं की बहुतेक मंडळी भेटतात ती साठीच्या पुढची, नाहीतर डॉक्टरांनी तंबी देऊन पाठवलेली. तेरा-चौदा वर्षांचं पोर क्वचित दिसतं. दिसलंच तर बहुधा आईच्या चार पावलं मागे, टी-शर्ट पोटावरून खाली ओढत चाललेलं असतं. आई मागे वळून म्हणते, "हात हलव जरा. अजून दोन राउंड व्हायचेत." त्या पोराच्या चेहऱ्यावर थकव्यापेक्षा शरम जास्त असते. आपल्याला इथे कशासाठी आणलंय, हे समोरून येणाऱ्या प्रत्येकाला कळतंय, याची ती शरम.

जाड मुलांना व्यायामाचा कंटाळा असतो आणि म्हणूनच ती जाड असतात, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. आळस हा शब्द आपण फार लवकर वापरतो. ज्या गोष्टीत रोज चारचौघांत हसं होतं, ती कोणाला आवडेल? मूल मैदानापासून लांब राहायला लागतं ते बरेचदा वजनामुळे नव्हे, तर त्या वजनाबद्दल मैदानावर जे ऐकून घ्यावं लागतं त्यामुळे. मग हालचाल कमी होते, वजन आणखी वाढतं आणि पुढच्या वेळी पाऊल आणखी जड पडतं.

माझी भाची नववीत आहे. पावसाळा सरल्यावर सोसायटीतली मुलं घेऊन आम्ही कर्नाळ्याला गेलो होतो. अभयारण्यातली वाट आधी झाडीतून जाते आणि मग चढ अंगावर येतो. पुढची पोरं टणाटण चढायची, सपाटी आली की बसायची, पाणी प्यायची, बिस्किटांचा पुडा फोडायची. मागून भाची पोहोचायची. ती पोहोचली रे पोहोचली की कोणीतरी म्हणायचं, "चला, सगळे आले, निघूया." आणि सगळे उठायचे. प्रत्येक टप्प्यावर हेच. ज्यांना विश्रांतीची गरज कमी होती त्यांना ती भरपूर मिळाली आणि जिला सर्वांत जास्त हवी होती, ती किल्ल्यापर्यंत एकदाही धड टेकली नाही. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. मुलं चांगली होती, मोठी माणसंही. फक्त वेग पुढच्यांनी ठरवायचा असतो, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

हिशेब साधा आहे. पंचेचाळीस किलोचं मूल आणि सत्तर किलोचं मूल एकाच चढावर निघाली, तर दुसऱ्याच्या पाठीवर तांदळाची पंचवीस किलोची गोणी जास्तीची असते. तेवढाच डोंगर चढायला त्याच्या हृदयाला आणि गुडघ्यांना कितीतरी जास्त काम पडतं. त्याची धाप हा त्याच्या कष्टाचा पुरावा आहे. आपण मात्र तिला आळसाचा पुरावा मानतो. उतरताना भाची मला म्हणाली, "मावशी, डोंगर मला आवडतो. सगळ्यांबरोबर नाही आवडत." एवढं स्पष्ट तर मोठ्यांनाही सांगता येत नाही.

शाळेतही वेगळं काय घडतं? गृहपाठ राहिला, उठाबशा काढ. वर्गात बोललास, मैदानाला तीन चकरा मार. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तरी ही सवय पुरती गेलेली नाही. मांड्यांना बळ देणारी बैठक आणि छातीचा भाता मोठा करणारं धावणं यांची ओळख मुलाला गुन्ह्याची भरपाई म्हणून होते. मग पुढे तेच मूल व्यायामाला नाक मुरडतं, तेव्हा आपण नवल करतो. जाड मुलाला तर ही शिक्षा दुहेरी पडते, कारण त्याचा व्यायाम म्हणजे त्याच्या शरीरालाच दिलेली शिक्षा, असा अर्थ घरीदारी सगळे लावतात.

आपल्या जुन्या तालमींत असं नव्हतं. पनवेलजवळच्या शिरढोणला १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झाले. तिथे कोणी वजन उतरवायला जात नसे, ताकद कमवायला जात असे. खुराक खाऊन अंग भरणं ही तिथे कमाई होती. कुस्तीतला काटाही वेगळ्या कामाचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात लढले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. तिथे काट्यावर उभं केलं जातं ते जोडीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून. शाळेच्या आरोग्य तपासणीत सगळ्या वर्गादेखत वजनाचा आकडा मोठ्याने वाचला जातो, तेव्हा तोच काटा मुलाला एकटं पाडतो.

रायगडातल्या आगरी गावांत कबड्डी घरोघरी आहे. पकड घट्ट हवी, चढाई करणाऱ्याला रेषेपाशी रोखून धरायचा, तर भरीव अंगाचा गडी उपयोगाचाच. पण लहान वयोगटांच्या सामन्यांत वजनाची मर्यादा असते, आणि काट्यात न बसणारं पोर बाहेर बसतं. नियमाला कारण आहे, सडपातळ मुलांना इजा होऊ नये. पण त्या बाहेर बसलेल्या पोराचं पुढे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. त्याच्यासाठी रस्सीखेच आहे, गोळाफेक आहे, वेटलिफ्टिंग आहे. जिथे त्याचं वजन कामी येईल अशी एक तरी जागा प्रत्येक शाळेच्या मैदानावर असली पाहिजे.

मुलींचं दुखणं आणखी खोल आहे. वयात येताना छाती सांभाळत धावणं, पाळीच्या दिवसांत पांढऱ्या गणवेशात कवायत करणं, कठड्यावर बसून शेरे मारणारी पोरं, या सगळ्यांतून जाणारी मुलगी "पोटात दुखतंय" म्हणून कोपऱ्यात बसते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. त्यात घरी कोणी "असंच राहिलं तर कोण करून घेणार हिला" असं म्हणालं, की व्यायाम तिचा स्वतःचा उरतच नाही, तो लग्नाच्या बाजारातला खर्च होतो.

आणि बारीक मुलांचं काय? त्यांना कोणी तळ्याकाठी आणत नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल सांगते. संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीत अकरा ते सतरा वयाच्या शाळकरी मुलांपैकी जगभरात ८१ टक्के आणि भारतात सुमारे ७४ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नव्हती. चारांतली तीन मुलं! ती सगळी काही जाड नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून कसा असू शकतो, हे त्या एका फोटोने दाखवलं. नुसत्या वजनावरून एकाला राबवायचं आणि दुसऱ्याला सोडून द्यायचं, यात दोघांचंही नुकसान आहे.

पनवेलच्या आसपास करंजाडे, खांदा कॉलनी, कामोठे इथे टॉवर उभे राहताहेत आणि संध्याकाळचे पाच ते आठ क्लासमध्ये जाताहेत. आईवडील लोकलच्या तास-सव्वा तासाच्या प्रवासातून दमून घरी येतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांची काळजी खरीच असते. पण मुलाला व्यायामाला पाठवण्याआधी वजन किती हे विचारण्याऐवजी, कोणता खेळ खेळताना तुला बरं वाटतं, हे एकदा विचारून बघा. उत्तर नाच असेल, पोहणं असेल, सायकल असेल किंवा कोणी बघत नसताना एकट्याने चालणं असेल. ते उत्तर मान्य करा. शिक्षकांनो, उठाबशा शिक्षा म्हणून देणं बंद करा. आणि डोंगरावर मुलं घेऊन जाल तेव्हा सर्वांत सावकाश चालणाऱ्या पोराला पुढे ठेवा, बाकीच्यांना त्याच्या मागून चालू द्या.