बाबांचं हिमोग्लोबिन

गेल्या डिसेंबरात ऑफिसच्या हेल्थ चेकअपच्या कूपनवर बाबांचंही रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन १८.८! आमच्या घरात हिमोग्लोबिन कमी असणं हा आजार आणि जास्त असणं ही कमाई. आईचं कायम नऊच्या आसपास, त्यामुळे खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे बारा महिने. बाबांनी तो आकडा अख्ख्या कॉलनीला सांगितला. "नाशिकची हवा, दुसरं काय!" मीही हसलो आणि रविवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला परत गेलो.

जानेवारीत डोकेदुखी सुरू झाली. गंगापूर रोडच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि भलताच प्रश्न विचारला, "काका, आंघोळीनंतर खाज सुटते का?" सुटते की! दोन वर्षं सुटत होती. आम्ही तीन साबण बदलले, बोअरच्या पाण्याला शिव्या घातल्या. पण ही रक्ताची तक्रार असेल असं कुणाच्या बापाला... म्हणजे मलाच सुचलं नाही.

मग रक्तविकारतज्ज्ञ. आधी सीबीसी पुन्हा, कारण शरीरातलं पाणी कमी झालं तरी आकडा फुगतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा, ५६ टक्के. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही जास्त. सिगरेट ओढता? झोपेत घोरता? उंचावर राहता? नाशिक समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटर, त्यामुळे 'हवे'ची थिअरी तिथेच बाद!

पुढची टेस्ट एरिथ्रोपोएटिन. मला सगळ्यात आवडली ती हीच (आवडली हा शब्द बरा नाही, पण इंजिनिअरला दुसरा सुचत नाही). लाल पेशी हव्या असल्या की मूत्रपिंड हे हार्मोन सोडून अस्थिमज्जेला ऑर्डर देतं. ऑक्सिजन कमी पडल्याने रक्त वाढलं असेल तर सहसा हार्मोन कमी नसतं. बाबांचं नॉर्मलच्याही खाली होतं. म्हणजे ऑर्डर बंद, तरी कारखाना तिन्ही शिफ्टमध्ये चालू.

कारखाना का थांबत नाही याचं उत्तर जॅक-२ नावाच्या जनुकात. डीएनएचं एकच अक्षर बदलतं आणि 'पेशी बनवा' हा सिग्नल कायमचा ऑन राहतो. कुणीतरी 'ट्रू' हार्डकोड करून ठेवल्यासारखं. हा बदल २००५ साली सापडला. आजाराचं पहिलं वर्णन मात्र १८९२ चं, फ्रान्समधल्या वाकेझ यांचं. पॉलिसायथेमिया व्हेराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत तो दिसतो. नसला तर त्याच जनुकाचा एक्झॉन १२ तपासतात.

सॅम्पल मुंबईला गेलं. ते दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. दर तासाला मेल रिफ्रेश करत होतो एवढंच. शुक्रवारी दुपारी, स्टेटस कॉल चालू असताना पीडीएफ आली. डिटेक्टेड. मी म्यूटवर होतो ते बरं.

आईचा पहिला प्रश्न, "तुला तर नाही ना होणार?" डॉक्टरांनी समजावलं की हा बदल जन्मतः मिळालेला नाही, आयुष्यात कधीतरी मज्जेतल्या एका पेशीत झाला. आई एकदम रडायला लागली, आणि बाबा एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले. तोवर कळलंच नव्हतं की ते रिपोर्टला नाही, याला घाबरले होते.

मज्जेची तपासणीही झाली, कंबरेच्या हाडातून. "ड्रिलिंग" एवढंच बाबा त्याबद्दल बोलतात.

खरा धोका गुठळीचा. म्हणून रोज छोटी ॲस्पिरिन आणि हिमॅटोक्रिट ४५ च्या आत येईपर्यंत रक्त काढायचं. पिशवीभर! ते कुणाला देतही नाहीत. सगळ्या आळीला कौतुकाने सांगितलेलं रक्त कचऱ्यात जाताना बाबा बघत नाहीत, खिडकीबाहेर बघतात. लोहाच्या गोळ्या बंद. खजुराचा डबा आईने वरच्या फळीवर ठेवलाय.

मी एक्सेलमध्ये ग्राफ करून दिला होता, तो त्यांनी एकदाही उघडला नाही. त्यांची स्वतःची डायरी आहे. मागच्या शनिवारी चोरून पाहिली. शेवटची नोंद ४४.६, खाली दोन रेघा.