एका कॉम्प्युटरचे दोन संसार

माझे अब्बा कातिब. कातिब म्हणजे उर्दू मजकूर सुंदर अक्षरात लिहून देणारा माणूस. लग्नाचे रुक्के, मुशायऱ्याची पोस्टरं, दुकानांच्या पाट्या, मदरशाची पावतीपुस्तकं हे सगळं अब्बांच्या बोरूतून उतरायचं. सोलापुरात आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत आजही त्यांच्या हातचा एखादा रुक्का ट्रंकेच्या तळाशी सापडेल.

उर्दूची नस्तालीक लिपी मोठी हट्टी. शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. शेजारी कोणतं अक्षर आहे ते पाहून प्रत्येक अक्षर आपला आकार बदलतं. त्यामुळे शिशाच्या खिळ्यांत ती नीट बसलीच नाही. मराठी वर्तमानपत्रं खिळे जुळवून छापली जात होती, तेव्हा उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत होते. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक आली. हजारो शब्दजोड एकेक करून लिहून ते यंत्रात भरले होते. पुढे १९९४ च्या सुमारास दिल्लीत इनपेज तयार झालं आणि साध्या कॉम्प्युटरवर उर्दू टाइप होऊ लागली. आमच्यापर्यंत यायला त्याला आणखी काही वर्षं लागली. एक दिवस प्रेसवाले अब्बांना म्हणाले, "कातिबसाहब, अब मशीन लिखती." अब्बा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी दौत धुतली आणि पालथी घातली.

काही महिने ते नुसते बसून होते. मग २००३ मध्ये त्यांनी एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला. तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती आणि मी आठवीत होते. मनगटाने अक्षर वळवणारा माणूस एका बोटाने कळा दाबायला शिकला. "मशीनच्या नूनला पोट नाही," अशी त्यांची तक्रार मात्र कायम राहिली.

आता घरात आहे तो डेस्कटॉप २०१४ चा. अब्बा अजूनही त्यावर कधी मशिदीची सूचना, कधी कुणाचा रुक्का करून देतात. मीही तोच वापरते. मी उर्दू शाळेत शिकले, बी.एड. केलं आणि आता उर्दू माध्यमाच्याच हायस्कूलमध्ये मुलांना मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका, यू-डायसची माहिती, बँकेची कामं आणि असे अधूनमधून लिहिलेले लेख, सगळं त्याच पेटीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार कंपनीने थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नवी चोरवाट सापडली की ती बुजवणारं कुणी राहत नाही. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते. आमच्या यंत्राकडे दोन्ही नाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नवा घ्या. नाहीतर सगळं पुसून लिनक्स टाकून देतो."

लिनक्स फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही बरं चालतं, हे मला माहीत होतं. पण इनपेज विंडोजसाठीच बनलेलं. मी घरी हे बोलले तेव्हा अब्बांनी चष्मा काढला. "पैले कलम गई. अब ये बी निकाल डालती क्या?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे पंधरा दिवस शाळेतून आल्यावर वाचत बसले आणि एक वाट सापडली, ड्युअल बूटची. एकाच कॉम्प्युटरमध्ये दोन कार्यप्रणाली. हार्ड डिस्कचे भाग पाडायचे आणि प्रत्येकीला तिची खोली द्यायची. बटण दाबलं की यंत्र विचारतं, आज कोण? दोघी एकदम चालत नाहीत. उर्दू शाळेत शिकलेल्यांना हे समजवायला नको. एकच इमारत, सकाळी प्राथमिक, दुपारी हायस्कूल. बाकं तीच, फळा तोच, शाळा मात्र दोन.

पहिलं काम फायलींची नक्कल काढण्याचं. अब्बांचं सगळं काम 'डी' ड्राइव्हमध्ये होतं. ते पेन ड्राइव्हवर घेतलं तर साडेतीन जीबी भरलं. मी त्यांच्या तळहातावर तो ठेवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "बस, इत्ताच? बाईस साल का काम?" मला काय उत्तर द्यावं ते कळेना.

मग विंडोजमधूनच 'सी' ड्राइव्ह आक्रसून ८० जीबी जागा मोकळी केली. 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं. ही सोय चालू असली की विंडोज पूर्ण बंद होत नाही. सकाळच्या शाळेने जाताना कपाटाला कुलूप घालून किल्ली घरी न्यावी, तसं होतं. मग दुपारच्या शाळेला त्या कपाटात काही ठेवता येत नाही. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर रूफस नावाच्या प्रोग्रामने लिनक्स मिंट चढवलं. विभाग पाडताना वीज गेली तर डिस्कचं वाटोळं होऊ शकतं, म्हणून शेजारच्यांचा यूपीएस मागून आणला.

पहिल्या रविवारी पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं. यादीत त्याचं नाव दोनदा आलं. एका नावापुढे यूईएफआय लिहिलेलं, दुसऱ्यापुढे नाही. नवं ते चांगलं, असं समजून मी पहिलं निवडलं. बरंच पुढे गेल्यावर पडद्यावर इशारा आला. या यंत्रातली आधीची प्रणाली जुन्या पद्धतीने बसवलेली आहे, पुढे गेलात तर नंतर ती सुरू करणं अवघड जाईल. अब्बा मागे खुर्चीवर तसबीह घेऊन बसले होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण माझा हात थांबलेला दिसला. "क्या हुआ?" "कुछ नै अब्बा," म्हणत मी मागे फिरले आणि यंत्र बंद केलं. नक्कल काढलेली होती, तरी हाताला घाम फुटला होता. फायली परत आणता आल्या असत्या, पण अब्बांची सवयीची खोली मोडली असती तर ती मला तशीच्या तशी पुन्हा मांडता आली नसती.

आठवडाभर पुन्हा वाचलं. विंडोज ज्या पद्धतीने सुरू होते, त्याच पद्धतीने पेन ड्राइव्हही सुरू करायचा, एवढीच गोम होती. पुढच्या रविवारी यादीतलं दुसरं नाव निवडलं. या वेळी इशारा आला नाही. एक पर्याय होता विंडोजच्या शेजारी बसवण्याचा आणि त्याच्या खालीच दुसरा, सगळी डिस्क पुसून टाकण्याचा. दोघांत एका ओळीचं अंतर. मी ती ओळ तीनदा वाचली, बिस्मिल्ला म्हटलं आणि दाबलं.

अर्ध्या तासाने यंत्र पुन्हा सुरू झालं. काळ्या पडद्यावर यादी आली. वर लिनक्स मिंट, खाली विंडोज. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर वरचं आपोआप सुरू होतं. अब्बा पुढे वाकले, बाण दोन-चार वेळा खाली दाबून पाहिला आणि म्हणाले, "नीचेवाला मेरा." इनपेज उघडलं. फायली जागच्या जागी होत्या. विंडोजचं इंटरनेट मी बंदच करून टाकलं. बाहेरच्या जगाचे व्यवहार आता लिनक्समधून.

दोन दिवसांनी शाळेतून येते तो अब्बा दारातच. "अस्रकी अज़ान हो गई और तेरा कॉम्प्युटर सव्वा ग्यारा बोलता!" पाहिलं तर खरंच. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच आणि विंडोजमध्ये सव्वाअकरा. नेमका साडेपाच तासांचा फरक. यंत्राच्या आत एक छोटं घड्याळ असतं. लिनक्स ते ग्रिनिचच्या वेळेचं मानतं, विंडोज स्थानिक वेळेचं. घड्याळ एकच, दोघींनी वाचलं वेगळं. 'टाइमडेटसीटीएल' नावाचा एका ओळीचा हुकूम देऊन लिनक्सलाही स्थानिक वेळ मानायला लावली आणि अब्बांची अस्र जाग्यावर आली.

प्रशिक्षणाला गेलं की दरवेळी कुणीतरी विचारतं, "मॅडम, तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?" पूर्वी राग यायचा, आता हसू येतं. एक बंद केल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही, ही अडचण यंत्राची. आमच्या घरात दखनी, उर्दू आणि मराठी एकाच ताटात जेवतात. लिनक्समध्ये मी उर्दूची फोनेटिक आणि मराठीची इनस्क्रिप्ट अशा दोन्ही कळा बसवल्या आहेत. 'के'ची कळ दाबली तर उर्दूत काफ आणि मराठीत क, दोन्हीकडे एकच. 'एल' दाबली की उर्दूत लाम उमटतो, मराठीत त. काही ठिकाणी जुळतं, काही ठिकाणी बोटाला आठवण ठेवावी लागते.

अब्बांच्या जुन्या फायली लिनक्सवर थेट उघडत नाहीत, कारण इनपेजची लिहिण्याची रीत त्याची स्वतःची. सुट्टीच्या दिवशी मी एकेक फाइल विंडोजमध्ये उघडते, मजकूर युनिकोडमध्ये बदलून 'डी' ड्राइव्हवर ठेवते आणि लिनक्समध्ये वाचून पाहते. चाळीस झाल्या, शेकडो उरल्या. परवा अब्बांना त्यातली एक नोटो नस्तालीक अक्षरात दाखवली. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "काफका मरकज़ ज़रा लंबा है." मग थोड्या वेळाने, "नूनको पेट है लेकिन."

आता हे लिहीत असताना ते शेजारी येऊन बसले आहेत. "क्या लिख रई?"

"तुमच्यावरच लिहितेय, अब्बा. मराठीत."

"लिख," ते म्हणाले. "नाम नक्को डाल."