सँटोरिनी कॅन्सल, अथेन्स कन्फर्म

ऑगस्ट २०२५. क्रूझवरची चौथी रात्र. डिनरला नुकतं डेझर्ट आलं होतं आणि स्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. वाऱ्याचा जोर वाढलाय, उद्या सँटोरिनीला थांबता येणार नाही, त्याऐवजी बोट पिरेअसला म्हणजे अथेन्सच्या बंदरात जाईल. हॅव अ लव्हली इव्हिनिंग!

लव्हली कसली डोंबलाची! अख्खी ट्रिप मी या एका दिवसासाठी आखली होती. पांढरी घरं, निळे घुमट, त्यापुढे आई आणि मी. फोटोचा अँगलसुद्धा ठरलेला. मी ऐरोलीत एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्यामुळे सुट्टीचीही एक्सेल शीट असते. पाचवा दिवस, सँटोरिनी, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, रंग हिरवा. तो सेल एका वाऱ्याने उडवला.

चूक कुणाचीच नव्हती. सँटोरिनीला मोठ्या क्रूझ बोटींसाठी धक्का नाही. बोट कड्याखालच्या खोल समुद्रात उभी राहते आणि छोट्या बोटींतून लोकांना किनाऱ्यावर नेतात. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा सुटतो, जुलै-ऑगस्टमध्ये तर जास्तच. लाटा उसळल्या की छोट्या बोटी बंद. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद होतात, तसंच.

मी तोंड पाडून बसले होते. आई शांतपणे पुडिंग खात होती.

"अथेन्स म्हणजे पार्थेनॉन तिथेच ना ग?" तिने विचारलं.

"हो."

"बरं झालं मग. ग्रीसपर्यंत येऊन अथेन्स नाही, याचं जरा वाईटच वाटत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

आता थोडं बॅकग्राउंड. आई डोंबिवलीच्या शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवत होती. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. ती घरात एकटी बसून राहते म्हणून मी ही क्रूझ बुक केली. त्याच झपाट्यात घर 'डिक्लटर' करायचंही ठरवलं. जुनी मासिकं, मोडका मिक्सर, बाबांची वेताची आरामखुर्ची. परत गेलो की सगळं ओएलएक्सवर. प्रत्येक गोष्टीला आई 'बरं' म्हणाली होती. मी त्या 'बरं'चा अर्थ 'अप्रूव्हड' असा घेतला होता.

आज तू लीडर!

सकाळी बोट धक्क्याला लागली. साडेपाचपर्यंत परत यायचं होतं. बोटीची बसटूर होती, पण आईने माहितीपत्रक वाचून बाजूला ठेवलं. "यांच्या झेंड्यामागे धावायला मी सहलीची पोरं आहे का?" मग मी फोन खिशात टाकला आणि म्हटलं, "ठीक आहे. आज तू लीडर."

टॅक्सीने पिरेअस स्टेशन गाठलं. इथून निघणारी मेट्रोची लाइन वन म्हणजे अथेन्सची लोकलच. पिरेअस ते थिसिओ हा मार्ग १८६९ मध्ये वाफेच्या इंजिनावर सुरू झाला आणि १९०४ मध्ये विजेवर आला. तिकीट १ युरो २० सेंट, ९० मिनिटं चालतं. आईला खिडकी मिळाली. बाहेर बाल्कन्या, वाळत घातलेले कपडे, भिंतींवर ग्राफिटी. "अगदी कोपर-दिव्यासारखं वाटतंय," ती खूश होऊन म्हणाली. परदेश आपल्यासारखा दिसला की आपल्या आया इतक्या खूश का होतात, कुणास ठाऊक!

साधारण २० मिनिटांत मोनास्तिराकी. बाहेर एका गाडीवर 'कुलुरी' घेतली. तीळ लावलेली ब्रेडची मोठी गोल रिंग, वरून खुसखुशीत, आतून मऊ. सोबत थंडगार 'फ्रेदो' कॉफी. आईने कुलुरीचे बरोब्बर दोन तुकडे केले, थोडा मोठा मला दिला.

माझा जीव टेकडीवर लागलेला. आता अक्रोपोलिसला तासाच्या स्लॉटनुसार तिकीट काढावं लागतं आणि मी पाहिलं तेव्हा भर दुपारचेच स्लॉट उरले होते. ऊन मी म्हणत होतं. आईच्या गुडघ्यांचं वय ६७. मी गुगल मॅप उघडून चढ मोजायला लागले, तेवढ्यात लीडरचा निर्णय आला. "वर नको. खालच्या म्युझियममध्ये जाऊ. मूळ मूर्ती तिथेच असतील ना?"

होत्या. आणि मला माहीतही नव्हतं.

मेट्रो बदलत अक्रोपोली स्टेशनला गेलो. इथली मेट्रो खणताना इतक्या प्राचीन वस्तू निघाल्या की स्टेशनंच छोटी म्युझियम झालीयत. सिंतग्माला तर काचेमागे जमिनीचे थर आणि एक थडगंसुद्धा दिसतं. ऑफिसला निघालेला माणूस कानात इअरफोन घालून त्याच्यासमोरून आरामात जातो.

रिकामी जागा

अक्रोपोलिस म्युझियम २००९ मध्ये उघडलं. आर्किटेक्ट बर्नार्ड त्शुमी. पायाखाली काच आणि काचेखाली उत्खननात सापडलेली जुनी वस्ती. सगळ्यात वरचा मजला पार्थेनॉनच्याच दिशेत वळवलेला. काचेच्या भिंतीतून समोर टेकडीवरचं खरं देऊळ दिसतं आणि आत त्याची शिल्पपट्टी. त्यात काही दगड जुन्या, पिवळसर रंगाचे, तर काही पांढरेफटक. पांढरे म्हणजे प्लास्टरच्या नकला. बरेचसे मूळ तुकडे लंडनला आहेत. लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी ते १९व्या शतकाच्या सुरुवातीला काढून नेले आणि १८१६ मध्ये ते ब्रिटिश म्युझियमकडे गेले. ग्रीस ते अजूनही परत मागतोय.

आई आता पूर्ण फॉर्मात. पार्थेनॉनचं बांधकाम इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये सुरू झालं. तुर्कांनी तिथे दारूगोळा ठेवला होता, तो १६८७ मध्ये व्हेनिसवाल्यांच्या तोफगोळ्याने उडाला. "आणि आपला 'यवन' शब्द म्हणजे मुळात हेच ग्रीक, आयोनियन. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवन दात्यांचे उल्लेख आहेत. लोणावळ्याला इतक्यांदा जाता तुम्ही, कधी पाहिलेत?" मी मान खाली घातली. लोणावळ्यात आम्ही फक्त मॅगी पॉइंट पाहिलेत.

मग आम्ही त्या बायकांसमोर आलो. कॅरिएटिड्स. देवळाचं छप्पर डोक्यावर तोलणाऱ्या दगडी स्त्रिया. मूळच्या सहा, एरेख्थिऑन नावाच्या देवळातल्या. प्रदूषणामुळे त्यांना १९७९ मध्ये खाली आणलं, आता वर त्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. म्युझियममध्ये मात्र पाचच. सहावी लंडनला. उरलेल्या पाच आपापल्या जागी आहेत आणि सहावीची जागा तशीच मोकळी ठेवलीय. तिथे दुसरं काही आणून बसवलेलं नाही.

आई तिथे बराच वेळ उभी राहिली. मी घड्याळ बघत होते, सवयीने.

"जागा ठेवलीय बघ तिची," ती म्हणाली. "दोनशे वर्षं झाली तरी."

बस, एवढंच. मग ती वळून चालायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आमची गॅलरी आली. कोपऱ्यातली खुर्ची, तिच्या हातावर पडलेला चहाच्या कपाचा गोल डाग. मी तिचे फोटोसुद्धा काढून ठेवले होते. विकण्यासाठी.

कोळंबी चालते?

जेवायला जवळच्याच बेकरीत शिरलो. श्रावण सुरू, त्यामुळे आईला व्हेजच हवं होतं. काउंटरवरच्या मुलीला समजावताना माझी तारांबळ उडाली, पण तिचा चेहरा एकदम उजळला. "नीस्तीसिमो?" म्हणजे उपवासाचं! झालं असं की १ ते १४ ऑगस्ट हा ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचाही उपवासाचा काळ असतो. १५ ऑगस्टला मदर मेरीचा मोठा सण, त्याआधी मांस, अंडी, दूध वर्ज्य. तिने पालकाचं सारण भरलेला, पापुद्रे सुटलेला पाय दिला आणि पुढे सांगितलं, मासे चालत नाहीत, पण कोळंबी चालते.

"कोळंबी चालते?" आई चाटच पडली. "मग हा कसला श्रावण! तुझ्या बाबांना सांगायला हवं होतं हे."

आणि आम्ही दोघी हसलो. बाबांच्या आठवणीने आम्ही एकत्र हसलो, असं दीड वर्षात पहिल्यांदाच घडलं.

टाइम मॅनेजमेंटचा फंडा

परतीचा ड्रामा झालाच. मोनास्तिराकीला मी घाईघाईत आईला गाडीत ढकललं आणि पुढचं स्टेशन ओमोनिया आलं. उलट्या दिशेची गाडी! माझ्या पोटात गोळा. आई थंड. "उतर, समोरच्या प्लॅटफॉर्मवर जा. ३१ वर्षं लोकलने फिरलेय मी." पावणेपाचला आम्ही बोटीवर होतो.

तुमच्यावर अशी वेळ आली तर माझ्या चुकांमधून चार गोष्टी शिका. बोटीने आयोजित केलेल्या टूरला उशीर झाला तर बोट शक्यतो थांबते, स्वतः फिरणाऱ्यांसाठी नाही. त्यामुळे दीड-दोन तासांची उशी ठेवाच. बंदर बदलण्याचा हक्क बहुतेक क्रूझ कंपन्या करारात राखून ठेवतात, तेव्हा बंदराबाहेरची बुकिंग रिफंडेबलच करा. मार्गात शेंगेन देशांबाहेरचं बंदर असेल तर मल्टिपल एंट्री व्हिसा घ्या. आणि पाच-सहा तासांत अख्खं शहर 'कव्हर' करायला जाऊ नका. एक जागा, एक जेवण, बास. ते कुठलं, हे बरोबरच्या माणसाला ठरवू द्या.

संध्याकाळी डेकवर उभ्या होतो. वारा अजून जोरातच होता. पिरेअस मागे पडत होतं. मी फोनमधली शीट उघडली, पण यावेळी आधी विचारलं.

"आई, बाबांची खुर्ची. काय करायचं?"

ती समुद्राकडे बघत राहिली. 'बरं' नाही म्हणाली.

"राहू दे की," ती म्हणाली. "वेत तेवढं नवीन विणून घेऊ. मधे फाटलंय."