भीती पात्याची, धोका पावलांचा

गेल्या फेब्रुवारीत एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय पासष्ट, माझे जुने रुग्ण. नातीला तलवारबाजीच्या वर्गाला सोडता-आणता त्यांनाही त्या खेळाची ओढ लागली होती आणि प्रशिक्षकांनी तंदुरुस्तीचा दाखला मागितला होता. सोबत सूनबाई होत्या. “डॉक्टर, तुम्हीच समजवा बाबांना. या वयात तलवार?”

या वयात हा खेळ खेळणारे जगात पुष्कळ आहेत. ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत सत्तरीपुढच्या खेळाडूंसाठी स्वतंत्र गट असतो. हे मी सूनबाईंना सांगितले खरे, पण माझ्याही डोळ्यांसमोर पातेच तळपत होते. मास्क, जाकीट, हातमोजा यांविषयी मी खोदून खोदून विचारले. रक्तदाब पाहिला, ईसीजी काढला आणि दाखल्यावर सही केली.

तीन आठवड्यांनी ते लंगडत आले. पात्याचा साधा ओरखडाही नव्हता. वर्गाला उशीर झाला म्हणून अंग मोकळे करण्याचे व्यायाम टाळून ते थेट खेळायला उतरले होते. वार करण्यासाठी पुढचा पाय लांब टाकला आणि मांडीमागचा स्नायू ओढला गेला. घरी तेल लावून जोरजोरात चोळल्यामुळे सूज वाढली होती. अशा दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस विश्रांती आणि कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक हवा; चोळणे नको.

त्या रात्री मला स्वतःचीच चूक उमगली. पात्याची भीती निराधार नाही. 1982 साली रोममधील जागतिक स्पर्धेत ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह प्रतिस्पर्ध्याचे तुटलेले पाते मास्कमधून आत शिरल्याने मृत्युमुखी पडला. त्यानंतर पाती, मास्क आणि पोशाख यांचे निकष कडक झाले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील जाकिटाच्या कापडाला आज 800 न्यूटनचा दाब सोसावा लागतो. म्हणून मास्क आणि जाकीट घातल्याशिवाय सरावालाही उभे राहू नये, हा नियम निरपवाद पाळावा. पण तो पाळला की उरतात त्या दुखापती बहुतेक घोट्याच्या, गुडघ्याच्या आणि मांडीच्या. 14 मीटरच्या अरुंद पट्ट्यावर सतत पुढे-मागे धावायचे, क्षणात थांबायचे आणि प्रत्येक वाराचा भार त्याच एका पुढच्या पायावर घ्यायचा. साठीनंतरचे स्नायू आणि सांधे हे सोसतात, पण पूर्वतयारीनंतरच.

जे विचारायला हवे होते, ते मी विचारलेच नव्हते. गुडघे दुखतात का? गेल्या वर्षात कधी तोल जाऊन पडलात का? हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास लहानशा माराने वा पडण्यानेही मोठा रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाबासाठी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी घेणाऱ्यास जाड जाकिटातल्या घामाने भोवळ येऊ शकते. मधुमेह्याने खेळताना खिशात साखर ठेवावी. छातीत दडपण वा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवली, तर त्याच क्षणी थांबून डॉक्टरांना गाठावे. ‘एवढा डाव संपवतो’ म्हणू नये.

गुरुजींनी सहा आठवडे विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने व्यायाम केले. आता ते वर्गाला पंधरा मिनिटे आधी पोहोचतात, घोट्याला आधार देणारे, न घसरणारे बूट घालतात आणि पाऊल बेताचे टाकतात. नातीशी स्पर्धा करायची नाही, हे पथ्य तेवढे त्यांना अवघड जाते. सूनबाईंचा विरोध मावळला आहे. पाण्याची बाटली त्याच भरून देतात.

मीही एक पथ्य लावून घेतले आहे. कुणी ज्येष्ठ खेळासाठी दाखला मागायला आले, की स्टेथोस्कोप काढण्यापूर्वी मी त्यांच्या शेजारी जाऊन थांबतो आणि म्हणतो, “भिंतीजवळ या. आता एका पायावर उभे राहून दाखवा.”