उंबरठ्याच्या आत की बाहेर?

नणंद-भावजयींचं कशावरून बिनसेल याला काही धरबंध नाही. कुणाचं लोणच्याच्या बरणीवरून, कुणाचं माहेरच्या आहेरावरून. आमचं गेल्या उन्हाळ्यात बिनसलं ते इंटरनेटवरून! हसू नका हं. हल्ली मुंबई-पुण्यात काय नि आमच्या जव्हारला काय, टीव्हीखाली तो गेमचा काळा खोका येऊन बसलेलाच असतो, आणि ऐन कुकरच्या शिट्टीला त्याच्यासमोरचं पोर ओरडतं, “आई, नेट गेलं!” तेव्हा माझी ही कहाणी तुमच्याही उपयोगी पडेल.

आमचं जव्हार म्हणजे पूर्वीचं मुकण्यांचं संस्थान. राजवाडा अजून उभा आहे. जिल्हा तेवढा २०१४ साली ठाण्याचा पालघर झाला. माझ्या वन्संना दिलंय दाभोशाला, इथून वीसेक किलोमीटरवर. लेंडी नदी तिथे तीनशे फुटांवरून खाली कोसळते आणि पावसाळ्यात तो धबधबा बघायला लांबलांबून गाड्या येतात. वन्संचं तिथे किराणा दुकान. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पाचवीपासून चार वर्षं आमच्याकडे राहून शिकला. तो नि माझा मुलगा एका वयाचे, एका ताटात जेवलेले. गेल्या वर्षी वन्संच्या यजमानांना पक्षाघात झाला आणि पोराला घरी परतावं लागलं. शाळा, दुकान, वडिलांचं औषधपाणी, सगळं त्याच्या अंगावर पडलं. त्या सगळ्यात त्याची स्वतःची अशी एकच गोष्ट उरली होती. रात्री आठला दुकानाच्या फळ्या लावल्या की तासभर माझ्या मुलाबरोबर फुटबॉलचा खेळ खेळायचा. दोघांकडे प्लेस्टेशन ४ आहे, दोन्ही नातलगांनी वापरून दिलेली.

आता या खेळात असं आहे, की ज्याचा संपर्क मध्येच तुटतो तो हरला असं धरतात. आणि संपर्क तुटायचा तो नेमका गोल व्हायच्या वेळी! माझा मुलगा म्हणायचा, “हरायला लागला की तो मुद्दाम वायर काढतो.” भाचा तिकडे हेच याच्याबद्दल म्हणत होता. एके रात्री मुलांनी एकमेकांना नको ते ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन आला. “अगं, तुमच्याकडे चांगलं नेट आहे, आमच्याकडे नाही, म्हणून माझ्या पोराला लबाड ठरवू नका. चार वर्षं ठेवलंत त्याचे उपकार आहेतच.” हे उपकाराचं वाक्य मला फार लागलं. मग पंधरा दिवस ना त्यांचा फोन, ना माझा.

आमचे हे म्हणाले, “टाक तो खोका माळ्यावर.” शेजारणींचाही सल्ला तोच. एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण त्या पोराच्या दिवसातला तो एकच तास होता, हे मला दिसत होतं. आणि दोघांपैकी लबाड कुणीच नसेल, बिघाड तिसरीकडेच असेल, तर तो शोधायला काय हरकत होती?

मी काही इंजिनिअर नाही, मराठी घेऊन बी. ए. झाले आहे. पण बिघाड शोधणं हे आपलं रोजचंच काम असतं. मिक्सर चालेना तर आपण तो दुसऱ्या प्लगला लावून बघतो, मग त्या प्लगला इस्त्री लावून बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन एकदम बदलल्या की गुण कशाला आला ते कळत नाही. इथेही मी तेच केलं.

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती वेगाची. कनेक्शन विकणारा सांगतो, “ताई, शंभर एमबीपीएस!” ते आहे नळाच्या तोटीची रुंदी. खेळाला रुंद तोटी लागतच नाही; तासाभराच्या खेळाला साधारण शंभर-दीडशे एमबी पुरतात. त्याला हवी असते तत्परता. गच्चीवर सोलरचा बंब असतो, नळ कितीही मोठा सोडा, गरम पाणी खाली यायला वेळ लागतोच, तसं. निरोप जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या या वेळाला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. जव्हार ते मुंबई दीडशे किलोमीटर धरलं, तरी जाऊन-येऊन दीड-दोन मिलिसेकंदांचं काम, आपली एस. टी. कसारा-शहापूर करत पोचते त्याच्याशी तुलनाच नको. वाटेतले थांबे धरून पंधरा-वीस झाले तरी खेळ छान चालतो. शंभराच्या पुढे गेलं की बटण दाबलेलं आणि खेळाडूनं लाथ मारलेली यात अंतर पडायला लागतं. (खेळात सर्व्हर निवडता येत असेल तर मुंबईचा निवडावा. सिंगापूर म्हटलं की नुसत्या अंतरापायीच चाळीसेक मिलिसेकंद जातात.) पोरं वीस किलोमीटरवर असली, तरी त्यांचे निरोप असेच मोठ्या शहरापर्यंत जाऊन परत येतात.

दुसरी गोष्ट माझी आवडती. बिघाड उंबरठ्याच्या आतला की बाहेरचा, हे अगोदर ठरवायचं. ह्यांचा शाळेचा लॅपटॉप घेतला. त्यात कमांडची काळी खिडकी उघडते, तिथे रोमन अक्षरांत पिंग लिहून पुढे आपल्या राउटरचा पत्ता टाकायचा. तो राउटरच्या पाठीवरच्या कागदावर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. मग ओळीमागून ओळी येतात, प्रत्येकीत किती मिलिसेकंद ते लिहिलेलं. राउटरपाशी बसून बघितलं तर २, ३, २. टीव्हीच्या खोलीत बसून बघितलं तर ८, १२, ३४०, आणि मग उत्तरच नाही. म्हणजे आमच्याच घरातल्या राउटरला आमच्याच घरातला निरोप पोचत नव्हता! मुंबई राहिली बाजूला, निरोप माजघरातच अडत होता.

कारणं हळूहळू सापडली. कनेक्शन द्यायला आलेल्या मुलानं वायर जिथे संपली तिथे, दाराशेजारी राउटर ठोकला होता. मध्ये जुन्या दगडी भिंती दोन आणि सासूबाईंचं लोखंडी कपाट. वायफायला लोखंड पार होत नाही. शिवाय आमचं प्लेस्टेशन २०१३ साली बाजारात आलेल्या पहिल्या बनावटीचं, ते फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच लहरींच्या आसपास काम करतो. रात्री आठला मी भाजी गरम करायला लावली की आकडे उड्या मारायचे, हे मी स्वतः तीन वेळा लावून बघितलं. यावर उपाय अगदी साधा. राउटरपासून प्लेस्टेशनपर्यंत पंधरा मीटर लॅनची केबल आणली आणि भिंतीच्या कडेनं खिळवली. खर्च चारशे रुपये. आकडा १वर आला आणि तिथेच थांबला. वायफाय वाढवणारी महागडी यंत्रं दुकानदार दाखवतो, ती या कामापुरती तरी घेऊ नका.

घरात दोन राउटर एकापुढे एक जोडले असतील तर तेही बघा. एका दारावर दोन दरवान उभे केले की बाहेरून आलेला निरोप आत कुणाला द्यायचा याचा घोळ होतो. प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये इंटरनेट तपासायची सोय असते, तिथे ‘नॅट टाइप’ ३ दिसला तर असा काही घोळ आहे असं समजावं. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ करून टाकायचं, म्हणजे तो नुसता वाटपाचं काम करतो.

एवढं करूनही संध्याकाळी दोन-तीनदा तुटायचंच. मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर वेळा लिहायला सुरुवात केली. दहा दिवसांत चित्र उमटलं. काही वेळा ह्यांच्या फोनमधले शाळेचे फोटो वर साठवले जात असायचे. घरातून बाहेर जाणारी वाट तेवढ्यात भरून जायची आणि खेळाचे निरोप मागे रांगेत उभे. फोटोंचं काम मध्यरात्रीवर ढकललं. बाकीच्या वेळा वाऱ्याच्या दिवसांच्या निघाल्या, आणि तेव्हा फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागायचा. राउटरचं उत्तर २ मिलिसेकंद, बाहेरचं उत्तर शून्य. हा बिघाड उंबरठ्याबाहेरचा.

तक्रारीचा फोन लावला. पलीकडचा म्हणाला, “मॅडम, घरात कुणी जेन्ट्स आहेत का?”

म्हटलं, “आहेत, ते कपडे वाळत घालतायत. तुम्ही मलाच सांगा.”

तो म्हणाला, राउटर बंद करून चालू करा. मी त्याला वहीतल्या तारखा, वेळा, लाल दिवा, आतला आकडा, बाहेरचा आकडा असं ओळीनं वाचून दाखवलं. तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी लाइनमन हजर. त्याच्या मीटरवर उजेडाचं माप उणे २९ आलं. उणे २७च्या खाली गेलं की डबा आंधळा व्हायला लागतो म्हणे. खिडकीच्या फळीत तार कोपऱ्यावर दुमडून चेपली जात होती, आणि वारा आला की फळी हलायची. काचेची तार ती, दुमडली की उजेड गळतो. त्यानं नवा जोड दिला, माप उणे २१ झालं.

म्हणजे आमच्या बाजूनं तरी भाच्याचं म्हणणं निम्मं खरं होतं, संपर्क आमच्याकडून तुटत होता. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. रविवारी मुलाला घेऊन, लॅपटॉप पिशवीत घालून एस. टी.नं दाभोशाला गेले.

वन्संनी पाणी दिलं, बोलल्या बेताच्याच. मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं. भाचा आधी ऐकत होता, मग उठून त्यानं आपला राउटर आणून समोर ठेवला. त्यांच्याकडे सिमकार्डावर चालणारा राउटर आहे. २०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली तेव्हा इकडच्या पाड्यांवरची मुलं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची; त्या मानानं आता बरं आहे, पण डोंगर काही हललेले नाहीत. राउटर असायचा गल्ल्याशेजारी, पत्र्याच्या छपराखाली. पत्रा म्हणजे सगळीकडून लोखंडी कपाटच! घरभर फिरून बघितलं. मागच्या खिडकीत, टॉवरच्या दिशेला, दोनाच्या चार रेघा झाल्या आणि दोनशेचा आकडा साठ-सत्तरवर आला. तिथेच कोनाडा करून दिला.

दुसरा चोर प्लेस्टेशनमध्येच होता. ते रात्री आपोआप नवनवे अपडेट उतरवून घेतं, एकेक कित्येक जीबींचं. दिवसाचा दोन जीबी डेटा खेळ सुरू व्हायच्या आधीच संपलेला, आणि तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर. भाच्याला वाटायचं टॉवर खराब. आपोआप उतरवणं बंद केलं. आता तो महिन्यातून एकदा यंत्र पाठीवर घेऊन आमच्याकडे येतो आणि फायबरवर अपडेट उतरवून नेतो. येतो तर दोन घास जास्त जेवतो, ते वेगळंच.

टॉवरवरची आठ ते दहाची गर्दी मात्र आपल्या हातातली नाही, आणि सिमकार्डाचा नॅटही घरातून बदलता येत नाही. पोरांनीच तोड काढली, रविवारी पहाटे सहाला खेळायचं. एरवी त्यांना उठवायला पाणी शिंपडावं लागतं!

निघताना वन्संनी नागलीचं पीठ आणि वरई बांधून दिली. “उपकाराचं बोलले ते मनात ठेवू नकोस,” असं काही त्या म्हणाल्या नाहीत. “पीठ ताजं आहे, आजच दळलंय,” म्हणाल्या. मला पुरलं.

पावसाळ्यात पुन्हा अडचण आलीच. पाऊस स्वतः फारसं काही करत नाही, पण वीज जाते, आणि टॉवरची बॅटरी संपली की सगळंच बंद. घरच्या राउटरला बारा व्होल्टची छोटी बॅटरी मिळते, ती आम्ही दोघींनी घेतली. टॉवरला ती कुठून देणार? मुलांनी ठरवून टाकलंय, की मध्येच तुटलेला सामना धरायचा नाही. जुलैत दाभोशाला तीन दिवस वीज नव्हती, तेव्हा भाचा चौथ्या दिवशी सकाळच्या एस. टी.नं भिजत आला. दोघं एकाच टीव्हीसमोर रात्री अकरापर्यंत बसले होते. त्याच्या यंत्रातलं महिन्याचं अपडेट तेवढ्यात मी उतरवून घेतलं.