आधी घडलेले, मागून लिहिलेले

धूर्तकथेतील नायकाला भूतकाळ नसतो. असला तरी त्याचे ओझे त्याच्या खांद्यावर नसते. मागील कथेत लुटलेले घबाड पुढील कथेच्या आरंभापूर्वीच मद्यात, जुगारात वा दुसऱ्या एखाद्या चोराच्या हाती गेलेले असते आणि नायक रिकाम्या खिशाने नव्या साहसाला मोकळा होतो. लघुकथेचा आखूड घाट या मोकळेपणाला सोयीचा असतो, कारण ज्याला लुटले त्याचे दुसऱ्या दिवशी काय झाले, हे सांगण्याइतका अवकाशच तिच्यात नसतो. फ्रिट्झ लायबर (१९१०–१९९२) या अमेरिकन कथाकाराच्या फॅफर्ड आणि ग्रे माउसर यांच्या कथा हाती घेणारा वाचकही प्रथम याच भरवशावर वाचू लागतो.

वाचकाने या कथा पहिल्यांदा वाचल्या त्या प्रकाशनाच्या क्रमाने. ‘टू सॉट ॲडव्हेंचर’ ही पहिली कथा ऑगस्ट १९३९ मध्ये ‘अननोन’ या मासिकात आली. हिमप्रदेशातून आलेला धिप्पाड फॅफर्ड आणि करड्या वेषातला बुटका, चपळ माउसर रत्नांच्या शोधात अरण्यातील एका ओसाड वास्तूत शिरतात. ती वास्तूच सजीव आणि मारेकरी निघते, रत्ने हातची जातात, आणि दोघे निघून जातात. पुढे १९५९ च्या ‘लीन टाइम्स इन लँखमार’मध्ये देवांचा एक रस्ताच येतो. ज्या देवाची चलती होते तो त्या रस्त्यावर गढीच्या दिशेने वर सरकतो, ज्याची ओहोटी लागते तो खाली घसरतो; आणि माउसर एका गुंडाच्या वतीने पुजाऱ्यांकडून ‘संरक्षणा’चे पैसे उकळत हिंडतो. पैसे देणाऱ्या पुजाऱ्यांचे काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहत नाही. तो उभा राहू न देणे हेच या गद्याचे कसब आहे. कथाविश्वाचे नावही या कसबाला साजेसे आहे: ‘नेह्वॉन’ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की ‘कोणत्याच काळी नव्हे’ अशा अर्थाचा शब्द मिळतो.

मराठी वाचकाची अडचण मात्र येथेच सुरू होते, आणि ती आधी शब्दाची अडचण असते. अशा नायकाला काय म्हणावे? ‘धूर्त’ फार संस्कृत, ‘लफंगा’ फार हलका. ‘भामटा’ हा शब्द तर सहज ओठांवर येतो आणि तेथेच अडखळतो, कारण ते एका जमातीचेही नाव आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या आणि १९५२ मध्ये विमुक्त झाल्या, त्यांच्या इतिहासात हा शब्द अडकलेला आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचलेल्या माणसाला चोरीतील गंमत निर्वेधपणे घेता येत नाही. फॅफर्ड आणि माउसर यांनी चोरी निवडलेली आहे. माउसर तर एका मांत्रिकाचा शिष्य होता. ज्याच्या कपाळी चोरी जन्माआधीच लिहिली गेली, त्याच्या वाट्याला हा डौल येत नाही. ‘मृच्छकटिका’तील शर्विलक जानव्याने भिंतीचे माप घेतो तेव्हा आपण हसतो, पण त्याच्याही चोरीमागे मदनिकेला दास्यातून सोडविण्याचे कारण आहे. लँखमारच्या या जोडीला असे कारणही लागत नाही. निवड हेच त्यांच्या मोहकतेचे भांडवल.

या भांडवलाचा हिशेब लायबरने स्वतःच मागितला, तोही तीन दशकांनंतर. ‘इल मेट इन लँखमार’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि नेब्युला व ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले. ही त्या दोघांच्या मैत्रीच्या आरंभाची कथा. चोरसंघाच्या एकाच जोडगोळीवर दोघे एकाच रात्री स्वतंत्रपणे झडप घालतात, ओळख होते, मद्य वाहू लागते. व्लानाला चोरसंघाचा सूड हवा आहे. तिच्या आणि इव्हरियनच्या टोमण्यांनी चिडलेले हे दोन तर्र वीर भिकाऱ्यांचे सोंग घेऊन थेट संघाच्या वाड्यात शिरतात. वाचक मनसोक्त हसतो. दोघे जीव वाचवून घरी परततात तेव्हा चोरसंघाच्या मांत्रिकाने धाडलेल्या धुराने आणि उंदरांनी दोन्ही स्त्रियांचा जीव घेतलेला असतो. ज्या विनोदावर वाचक हसत होता त्याच्या आडच हे घडत होते. निवेदकाने त्याला मुद्दाम दुसरीकडे पाहायला लावले होते.

येथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. नायकांना भूतकाळ मिळावा म्हणून दोन स्त्रियांना मारण्याची ही युक्ती जुनी आहे, आणि लायबर तिच्यातून सुटत नाही. इव्हरियन १९६२ च्या ‘द अनहोली ग्रेल’मध्ये जुलमी बापाच्या धाकात वाढलेली स्वतंत्र व्यक्ती म्हणून भेटली होती, १९७० मध्ये तिचा मृत्यूच तेवढा कथानकाच्या उपयोगी पडतो. तरीही कथा केवळ या युक्तीपाशी थांबत नाही, असे वाचकाला वाटते. दोष कोणा खलपुरुषावर पूर्णपणे ढकलता येऊ नये, अशी तिची रचना आहे. दोघे घरी थांबले असते तर, हा प्रश्न त्या मद्यधुंद हास्यालाच चिकटून राहतो.

याच वर्षी कथांचे संग्रह नायकांच्या आयुष्यक्रमानुसार लावले गेले, आणि १९३९ ची ती पहिली कथा या मृत्यूंच्या मागे जाऊन बसली. छापील मजकुरात दोघींचा उल्लेख नाही. तरी दुसऱ्या वाचनात ती रत्ने, ती ओसाड वास्तू, ते निघून जाणे वाचकाला निराळे भासते. जो हलकेपणा स्वभाव वाटला होता तो आता पळ वाटतो. यात लेखकाचा हेतू किती आणि मांडणीचा परिणाम किती, याचा निवाडा संहितेवरून करता येणार नाही. मात्र पहिले वाचन आता परत मिळणार नाही, ही हानी खरी आहे, आणि वाचकाला तिचे थोडे वाईटही वाटते.

त्याच संग्रहासाठी लिहिलेल्या ‘द प्राइस ऑफ पेन-ईज’मध्ये दोघे एका सरदाराचे उद्यानगृह चोरतात, त्यातील वस्तू नव्हे, सबंध घर. धूर्तकथेच्या इतिहासात एवढी बेधडक चोरी विरळाच, आणि वाचक पुन्हा हसतो. मग ते घर त्यांनी नेऊन कोठे मांडले आहे, हे त्याच्या ध्यानात येते: जेथे व्लाना आणि इव्हरियन जळाल्या, त्या राखेच्या जागेवर.